भरतीला वर, ओहोटीला तळाशी: नदीमुखातली पिल्लं वाहून का जात नाहीत?

नांदेडजवळच्या एका मच्छीमार सोसायटीतल्या तरुण सभासदानं मला विचारलेला प्रश्न आधी त्याच्याच शब्दांत देतो.

"सर, झिंग्याचं बीज आणायला काकीनाड्याकडं गेलो होतो. गाडी निघायला उशीर होता म्हणून कोरिंगाच्या खारफुटीतल्या एका खाडीच्या काठाला बसलो. पाणी वरी चढू लालं होतं अन् त्याच्यासंगं जिऱ्याएवढी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं काठाकाठानं आत येऊ लाली होती. दुपारनंतर तेच पाणी इतक्या जोरात उतरू लालं की रोवलेला बांबू थरथरत होता. मग ही पिल्लं वाहून कशी जात नाहीत? भरती त्यांना आणते का ते आपल्या मनानं येतात? अन् आमचे आजोबा म्हणायचे, गोदावरीतल्या झिंग्याचा जन्म समुद्राकडं होतो. ते खरं हाय का? खरं असंल तर आपल्या नांदेडच्या पाण्याचा त्या पिल्लांशी काही संबंध राहिला का?"

मत्स्यबीजाच्या, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांच्या, कामात माझी तीस वर्षं गेली. त्यातली पहिली काही कोकणातल्या खाड्यांवर, बाकीची सगळी आपल्या मराठवाड्यातल्या तलावांवर. समुद्रापासून इतक्या लांबच्या माणसानं खाडीच्या काठाला बसून एवढं नीट पाहिलं, याचा मला फार आनंद झाला. म्हणून सावकाश उत्तर देतो.

थोडक्यात सांगायचं तर भरती पिल्लांना आणते हे खरं, आणि ती आपल्या मनानं येतात हेही खरं. पिल्लाच्या अंगात पाण्याशी झगडण्याएवढं बळ नसतं. पण कोणत्या वेळी पाण्यात वर यायचं आणि कोणत्या वेळी तळाला बसायचं, एवढं त्याला कळतं. त्या एवढ्याशा कळण्यावर खाडीतल्या कित्येक माशांचं बालपण निभावतं.

आपल्याकडं भरती-ओहोटी पाहिलेली माणसं कमी, म्हणून आधी त्याबद्दल. समुद्राचं पाणी साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा चढतं. म्हणजे दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोजची भरती कालच्यापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. कोकणातले कोळी यासाठी घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ आली. अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठला, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. हा हिशेब त्या किनाऱ्यापुरता. काकीनाड्याला वेळ वेगळी येते, पण रोज पुढं सरकायची रीत तीच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार सर्वांत कमी. तो भांग.

चढ-उतार किती, हे किनाऱ्यावर अवलंबून. गुजरातेत भावनगरकडं उधाणाला दहा मीटरपेक्षा जास्त. मुंबईला पाच मीटरच्या जवळपास. तुम्ही बसला होता त्या काकीनाड्याकडं, गोदावरीच्या मुखाशी, मात्र उधाणालाही दीड मीटरच्या आसपासच. दीड मीटर म्हणजे माणसाच्या छातीएवढं. तेवढ्यानं काय होणार असं वाटेल, पण तिथली जमीन किती सपाट आहे ते तुम्ही पाहिलंय. हजार मीटरला एक मीटर उतार धरा. पाणी एक मीटर चढलं की एक किलोमीटर रुंदीचा चिखल आणि खारफुटी पाण्याखाली जाते, आणि सहा तासांनी पुन्हा उघडी पडते.

हे आपल्या माणसाला समजायला अवघड जाऊ नये. रोहू, कटला, मृगळ ही आपली मंडळी साध्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना नदीला आलेला पूर लागतो, काठाच्या गवतावर चढलेलं गढूळ पाणी लागतं. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली कटकला इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवलं, तोवर बहुतेक बीज पुराच्या नदीत जाळं लावूनच मिळवावं लागायचं. आपल्या माशांना वर्षातून दोन-चार पूर मिळतात. नदीमुखातल्या पिल्लांना दिवसाला दोन मिळतात, तेही ठरल्या वेळेला. त्यांचं सगळं जगणं त्या वेळेभोवती बांधलेलं असतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वाहून का जात नाहीत.

साधा हिशेब करू. एक सेंटिमीटर लांबीचं पिल्लू नेटानं पोहलं तर सेकंदाला दोन ते पाच सेंटिमीटर जाईल. तुम्ही पाहिलेल्या उतरत्या पाण्याचा वेग सेकंदाला पन्नास सेंटिमीटर तरी असणार, अरुंद खाडीत मीटरभरही असतो. म्हणजे समोरासमोर झुंज अशक्य. पण खाडी खोल किती? तीन-चार मीटर. आडवं पोहून जिंकता येत नाही, तरी उभं पोहून तीन मीटर वर किंवा खाली जायला त्याच पिल्लाला दोन-तीन मिनिटं पुरतात. आणि पाण्याचा वेग सगळीकडं सारखा नसतो. तळाशी घासून पाणी मंदावतं, काठाला मंदावतं, खारफुटीच्या मुळांमागं तर जवळजवळ थांबतं. आपले भोई पुरात नाव वर न्यायची झाली तर मध्यधारेला लावतात का? काठाकाठानंच नेतात. पिल्लू तेच करतं, फक्त त्याला दोन काठ आणि एक तळ असे तीन आसरे असतात.

भरती लागली की पिल्लू तळ सोडून वर येतं, मध्यधारेत शिरतं आणि पाण्याबरोबर आत वाहत जातं. ओहोटी लागली की खाली जातं, चिखलाला चिकटून किंवा एखाद्या खळग्यात, मुळाआड दबून राहतं. तरी ओहोटीत थोडं मागं जातंच, पण जितकं पुढं आलं त्याच्यापेक्षा कमी. पुढच्या भरतीला पुन्हा वर. असं करत चार-आठ दिवसांत ते समुद्रातून खाडीच्या पोटात कित्येक किलोमीटर आत पोचतं, आणि यातला फार थोडा प्रवास स्वतः पोहून झालेला असतो. मासेच असं करतात असं नाही. खेकड्यांची पिल्लं, समुद्री कोळंबीची पिल्लं, युरोपातल्या चपट्या माशांची पिल्लं, सगळ्यांत हीच रीत सापडली आहे.

मी स्वतः हे पुस्तकात वाचून मानलं नव्हतं. रत्नागिरीला शिकत असताना आमच्या गटाला खाडीतली पिल्लं मोजायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी दहाला नाव काढली, वरच्या थरात प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव धरायचं, जाळं ओढलं, चार बाटल्या भरल्या, दुपारी जेवायला परत. बाटल्यांत पिल्लं जवळजवळ नव्हतीच. मी वहीत लिहून टाकलं की या खाडीत या महिन्यात पिल्लं नाहीत. आमच्या शिक्षकांनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "तेव्हा पाणी येत होतं की जात होतं?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या खेपेला पंचवीस तास. पंचवीस अशासाठी की दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पूर्ण बसायला तेवढा वेळ लागतो. दर तासाला एक जाळं वरच्या थरात, एक तळाशी. रात्री दीडच्या सुमारास भरती ऐन जोरात होती. कंदिलाच्या उजेडात वरच्या जाळ्याची बाटली धरली तर पाणी हललं की सगळी बाटली चमकायची, इतकी पिल्लं. त्यानंतर पाणी थांबलं, फिरलं, आणि तासाभरात वरच्या जाळ्यात जवळजवळ काही येईना. तळाच्या जाळ्यात मात्र येत राहिली, गाळात मिसळलेली. एकच जागा, एकच रात्र, फक्त पाण्याची दिशा बदललेली. दिवसाच्या भरतीला वर येणारी पिल्लं रात्रीच्यापेक्षा पुष्कळ कमी होती, कारण उजेडात वर येणं म्हणजे मोठ्या माशाच्या तोंडात जाणं. त्या रात्रीनंतर "मासे नाहीत" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, जाळं किती वाजता आणि किती खोल लावलं होतं. पैठणच्या नाथसागर धरणावरही हाच प्रश्न विचारतो.

खाडीच्या पाण्यात पिल्लांना आणखी एक मदत मिळते, ती डोळ्यांना दिसत नाही. नदीचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. समुद्राच्या हजार भाग पाण्यात साधारण ३५ भाग मीठ असतं. दोन्ही भेटली की गोडं पाणी वरून समुद्राकडं सरकतं आणि खारं पाणी खालून पाचर ठोकल्यासारखं आत घुसतं. घरी करून बघा. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि चिमूटभर हळद कालवा. वरून चमच्याच्या पाठीवर धार धरून साधं पाणी हळूच सोडा. पिवळं खाली, पांढरं वर, दोन थर स्पष्ट दिसतील. पोरांना दाखवा, त्यांनाही आवडेल. खाडीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. भरती-ओहोटीची बेरीज-वजाबाकी केली तर दिवसाअखेर तळाचं पाणी थोडं आतच सरकलेलं असतं. म्हणून जे पिल्लू जास्तीत जास्त वेळ तळाशी राहतं, त्याला तो थर आपसूक आत नेतो. हे दोन थर टिकायला वरून नदीचं पाणी वाहतं हवं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नाला ती लागणार आहे.

पिल्लाला भरती लागली हे कळतं कसं? यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. पाणी चढलं की दाब वाढतो, तो त्याला जाणवतो. खारटपणा बदलतो. तळाच्या पाण्यात खळखळ वाढते. काहींच्या अंगात तर घड्याळच असतं: इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे खेकडे प्रयोगशाळेत स्थिर पाण्यात ठेवले तरी काही दिवस ते बाहेरच्या भरतीच्या वेळेलाच हालचाल करत राहिले. पण मला स्वतःला सर्वांत भावलेला प्रयोग नेदरलँड्समधल्या क्रॉइट्सबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाचा, १९६१ सालचा. त्यांनी ईल माशाची पारदर्शक पिल्लं घेतली. हा तो मासा, जो समुद्रात जन्मतो आणि वाढायला नदीत येतो. या पिल्लांना ओहोटीचं पाणी आणि भरतीचं पाणी वेगळं ओळखू येत होतं, आणि ते खारटपणावरून नव्हे. ओहोटीच्या पाण्याला जमिनीचा, आतल्या गोड्या पाण्याचा वास होता. तेच पाणी कोळशातून गाळून दिलं, वास काढून टाकला, की पिल्लांचं ओळखणं संपलं.

म्हणजे त्या पिल्लाला दूरवरची नदी वासानं कळते. कुजलेली पानं, शेतातली माती, झाडांची मुळं, या सगळ्याचा मिळून जो वास होतो तो त्याला सांगतो की पुढं नदी आहे, थांब, ओहोटी जाऊ दे. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही या जातीचा एक मासा आढळतो, त्याला काही ठिकाणी अहीर म्हणतात. आपण बाजारात वाम म्हणून जो घेतो तो बहुतेक वेळा काटेरी पाठीचा, तो सगळं आयुष्य गोड्या पाण्यातच काढतो. दोघांची गल्लत करू नका. अहीर समुद्रातून आलेला असतो.

आता कुणी म्हणेल, एवढी धडपड करून पिल्लं खाडीत येतातच कशाला? समुद्र काय लहान आहे? खाण्यासाठी येतात, आणि लपण्यासाठी. खारफुटीची पानं गळून कुजतात, त्यावर जिवाणू, त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर पिल्लं. गढूळ पाण्यात मोठ्या माशाला लांबचं दिसत नाही, मुळांच्या जाळीत त्याला शिरता येत नाही. भरती आली की बोय या खाडीतल्या माशाची पिल्लं पाण्याच्या अगदी पहिल्या कडेबरोबर, चार बोटं पाण्यातून, चिखलावर चढतात. तुम्ही काठाला पाहिलेली बरीचशी पिल्लं अशीच असणार. ती त्या वेळी प्रवासाला निघालेली नव्हती. ती रोजच्या चरायला आलेली होती, जशी आपली गुरं सकाळी गायरानात जातात आणि दिवस कलला की परततात. फरक एवढाच की यांचं गायरान सहा-सहा तासांनी उघडतं आणि मिटतं.

उधाणाच्या दिवसांत पाणी खारफुटीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जातं, तेव्हा चरायला भरपूर. भांगाच्या दिवसांत पाणी खाडीच्या पात्राबाहेर फारसं चढत नाही, तेव्हा सगळी गर्दी पात्रात, आणि तिथं मोठे मासेही असतात. शिवाय परतायला उशीर झाला तर मागं खळग्यात अडकून पडायचं. मग ऊन, तापलेलं पाणी, कमी झालेला प्राणवायू आणि वरून बगळे. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी बगळे आणि माणूस दोघंही उभे असतात ते उगाच नाही. कोकणात ओहोटीच्या धारेत तोंड करून डोल, म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं, लावतात. पाणीच मासे जाळ्यात आणून घालतं. त्याचा शेवटचा कोष इतका बारीक विणीचा असला की बोटभर पिल्लंही सुटत नाहीत, आणि ती टोपलीनं सुकटीत जातात. मला हे पाहवत नाही. कोळ्यांचं पोट त्यावर आहे हे मी जाणतो, पण जे पिल्लू दोन वर्षांनी पाच किलोचं झालं असतं ते सुकटीत बघताना जीव तुटतोच.

पाच किलोचं म्हणालो ते जिताड्यावरून. रायगडकडं जिताड्याला जावयाच्या ताटातला मासा मानतात. हा मासा नदीत, खाडीत मोठा होतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जातो. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळ उलटल्यावर, आणि तेही पाणी आत येत असताना. अंडी उधाणाच्या त्या भरतीवरच खाडीत जातात. म्हणजे इथं पिल्लाला काही करायच्या आधीच आईनं वेळ साधून दिलेली असते. काठावरच्या भातशेतीत, खाजणात म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीत पाणी शिरतं तेव्हा ही पिल्लंही आत येतात. रायगडातल्या लोकांनी ती धरून गोड्या तळ्यांत सोडायची रीत फार पूर्वीपासून ठेवली आहे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळं लहानपणीच सगळे धरले तर पुढं अंडी घालायला मादीच उरत नाही.

खारट-गोडाच्या सतत बदलाचं काय, असंही तुम्ही फोनवर विचारलं होतं. त्याची किंमत पिल्लाला मोजावीच लागते. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठ बाहेर झिरपतं आणि पाणी आत शिरतं, खाऱ्यात उलट. कल्ल्यांतल्या खास पेशी आणि मूत्रपिंड मिळून हा तोल सांभाळतात. नदीमुखातल्या पिल्लाला हे काम दिवसात चार वेळा उलटंपालटं करावं लागतं, आणि त्यात ताकद जाते. ज्याला खाणं भरपूर मिळतं त्याला ती परवडते. म्हणून खारफुटी तोडलेल्या खाडीत भरती तीच, पाणी तेच, तरी पिल्लं वाढत नाहीत.

आता आजोबांच्या बोलण्याकडं येतो. आजोबा बरोबर होते.

गोदावरीतल्या एका मोठ्या झिंग्याला पुस्तकांत गोदावरीचंच नाव आहे, तो गोदावरी झिंगा म्हणूनच ओळखला जातो. तुम्ही तळ्यात सोडता तो मोठ्या नांगीचा झिंगा त्याचा सख्खा भाऊबंद. दोघांचीही जवानी गोड्या पाण्यात, पण जन्म निमखाऱ्यात. मादी पोटाखाली अंडी घेऊन पावसाळ्यात प्रवाहाबरोबर खाली नदीमुखाकडं जाते. मोठी मादी लाखभर अंडी वागवते. ती आधी नारिंगी असतात, फुटायच्या वेळी करडी होतात. अंड्यातून निघालेला जीव झिंग्यासारखा दिसतही नाही. पोट वर, पाठ खाली, शेपूट पुढं करून पोहतो. गोड्या पाण्यातच राहिला तर काही दिवसांत मरतो. हे ठाऊक नसल्यामुळं पूर्वी किती जणांनी किती हंगाम वाया घालवले असतील! मलेशियात पेनांगला लिंग नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास दाखवून दिलं की त्याला मिठाचं पाणी हवं. आज बीजकेंद्रात हजाराला बाराच्या आसपास मीठ ठेवतात ते त्यामुळंच. अकरा वेळा रूप बदलून, तीन-चार आठवड्यांनी तो सरळ पोहायला लागतो, तळाला बसायला लागतो, आणि मग भरतीचा आधार घेत गोड्या पाण्याकडं निघतो. भरतीचा जोर जिथं संपतो तिथून पुढं काठाकाठानं, तळातळानं स्वतःच्या पायांवर. ओल्या दगडावरून, छोट्या बंधाऱ्याच्या ओल्या भिंतीवरूनही ही पिल्लं चढून जातात.

मग नांदेडपर्यंत का येत नाहीत? वाटेत काय काय उभं आहे ते मोजा. मुखाकडून निघालं तर आधी आंध्रातलं दौलेश्वरम, इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांचा बंधारा तिथं १८५२ साली पूर्ण झाला आणि आता त्याजागी मोठं बॅरेज आहे. पुढं तेलंगणातली मेडीगड्डा, येल्लमपल्ली, श्रीरामसागर ही धरणं, मग आपला बाभळी बंधारा, आणि तुमच्या दारातला विष्णुपुरी. पोलावरमचं कामही सुरू आहे. ओल्या भिंतीवर चढणारं पिल्लू एवढ्या उंच धरणांपुढं काय करणार? पाला मासाही असाच, समुद्रातून अंडी घालायला गोदावरीत चढतो, आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि पावसाळ्यात त्यासाठी वाटेल ते पैसे मोजतात. त्याचीही वाट दौलेश्वरमला अडते. आजोबांनी पाहिलेला झिंगा आज तुम्हाला गाडीनं आणावा लागतो, तो यामुळं.

आपल्या पाण्याचा त्या पिल्लांशी संबंध उरला का, याचं उत्तर मी वाढवून सांगणार नाही. गोदावरी समुद्राला जे पाणी देते त्यातलं बहुतेक प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या खालच्या उपनद्यांचं. मराठवाडा पर्जन्यछायेतला. पैठणला १९७६ पासून नाथसागर आहे, खाली बंधाऱ्यांची रांग आहे. पाऊस चांगला झाला आणि दरवाजे उघडले की आपलं पाणी जातं, नाहीतर आपणच टँकर लावतो. ज्या गावाला पिण्याला पाणी नाही त्याला "खाडीतल्या पिल्लांसाठी पाणी सोड" असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणूही नये.

पण पाणी किती याच्याइतकंच ते कधी, हेही महत्त्वाचं आहे. वर सांगितलेले दोन थर आणि जमिनीचा वास आठवा. पावसाळ्यात महापूर असतो तेव्हा नदीमुखाशी भरतीचा शिरकाव फारसा होत नाही, पातळी चढते-उतरते पण धार समुद्राकडंच राहते. त्या वेळी बाहेरून आत येणाऱ्या पिल्लांना दार बंद असतं. पुढं पूर ओसरला आणि मध्यम धार वाहत राहिली, तो त्यांचा खरा हंगाम. थर नीट बसतात, वास मिळतो, खाणं असतं. उन्हाळ्याकडं दौलेश्वरमच्या खाली नदीची धार आटत जाते, समुद्र आत सरकतो, वास विरतो. महापुरानंतर एकदम कोरडं पडण्यापेक्षा धार हळूहळू कमी होत जाणं पिल्लांना मानवतं. हे कुठल्या एका धरणाच्या हातात नाही. पण सगळ्या धरणांनी मिळून पावसाळ्याच्या शेवटाला दरवाजे कसे मिटायचे, हा हिशेब करताना यादीत पिकं, वीज, शहरं यांच्यासोबत नदीमुखही असावं, एवढं माझं ठाम मत आहे. बाभळीचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तो निकाल दोन राज्यांच्या पाणीवाट्यासाठी होता, माशांसाठी नव्हता. तरी त्या चार महिन्यांत तेवढ्या एका ठिकाणी नदी अखंड वाहते, आणि वर-खाली जाणाऱ्या प्रत्येक माशाला तेवढी वाट मिळते.

तुमच्या धंद्याचं एक सांगतो. हे सगळं समजून घेतलं की बीज आणताना होणारी मर कमी होते. झिंग्याचं बीज घेताना केंद्रवाल्याला स्पष्ट विचारा की पिल्लं पूर्ण गोड्या पाण्यावर कधी आणली आणि किती टप्प्यांत. निमखाऱ्यातून घाईनं उतरवलेलं बीज पिशवीत ठीक दिसतं, तळ्यात गेल्यावर दोन दिवसांत तळाशी पांढरं पडतं, आणि मग आपण तळ्याला दोष देतो. भरतीसुद्धा त्याला गोड्यात एका झटक्यात टाकत नाही, सहा-सहा तासांनी पुढं-मागं करत सवय लावते. बादलीत घेऊन बघा: पिल्लं सरळ पोहतात का, बादलीच्या कडेला आणि तळाला धरून बसतात का. पाण्यात उलटी तरंगणारी दिसली तर ते बीज अजून कच्चं आहे, घेऊ नका. पिशव्या तळ्याच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घालत सोडा, संध्याकाळी. तळ्यात नारळाच्या झावळ्या किंवा जुन्या जाळ्याचे तुकडे टाका. मुळांची सवय असलेल्या जिवाला उघडं तळ म्हणजे बगळ्याचं ताट वाटतं. जिताड्याचं बीज आणणार असाल तर दर आठ-दहा दिवसांनी लहान-मोठं वेगळं करा, नाहीतर मोठं लहानाला गिळतं.

पुन्हा काकीनाड्याला जाल तेव्हा अमावस्या किंवा पौर्णिमा साधून जा, तिथल्या मच्छीमाराला सोबत घ्या आणि मागच्याच जागी बसा. भरती अर्धी झाली की हातजाळं वरच्या पाण्यात एकदा फिरवा आणि काय आलं ते मोजा. पाणी उतरायला लागून तासभर झाला की तेच जाळं पुन्हा वर फिरवा, मग तुम्ही पाहिलेल्या त्या थरथरत्या बांबूच्या आडोशाला अगदी तळाशी फिरवा. तिन्ही आकडे लिहून ठेवा, पिल्लं लगेच पाण्यात सोडून द्या, आणि आल्यावर मला फोन करा.